रुग्णनोंदींची दुसरी प्रत कोठे असावी? : एक अभ्यास

वार्षिक अहवालात नव्या यंत्रसामग्रीची, शस्त्रक्रियांची आणि मोफत शिबिरांची माहिती आपल्यापुढे ठेवण्याचा आमचा परिपाठ आहे. यंदा त्याच्या जोडीने एका अशा कामाविषयी लिहीत आहोत, ज्याचे उद्घाटन होत नाही, ज्यावर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी बसवता येत नाही आणि जे उत्तम पार पडले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. रुग्णांचे केसपेपर, संमतिपत्रे, तपासणी-अहवाल आणि क्ष-किरण चित्रे यांच्या संगणकीय प्रती आपत्तीतही सुरक्षित कशा राहतील आणि आपत्तीनंतर किती लवकर हाती येतील, हा तो विषय होय. या कामासाठी निधी मंजूर करताना विश्वस्त मंडळाने जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे शोधताना आम्हीच पुष्कळ शिकलो. ज्यांच्या पैशाने हे काम होत आहे आणि ज्यांच्या आजारांच्या या नोंदी आहेत, त्या दोघांनाही ते कळावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली येथे आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी सुमारे ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या आमच्या रुग्णालयाचा अभिलेख कक्ष तेव्हा तळमजल्यावर होता. रुग्णांना वेळीच वरच्या मजल्यावर व पुढे अन्यत्र हलवता आले. कागद हलवण्यास माणसे उरली नाहीत, आणि त्या घटकेला ती उरायलाही नकोत. पाणी ओसरल्यावर खालच्या फळ्यांवरील गठ्ठे चिखलात माखलेले मिळाले. आम्ही गच्चीवर दोऱ्या बांधून कागद वाळत घातले. ओल्या कागदाला साधारणतः दोन दिवसांत बुरशी धरू लागते, आणि येथे पाणी त्याहून अधिक काळ होते. बॉलपेनचा मजकूर बराचसा टिकला. शाईपेनाने लिहिलेला धुऊन गेला, शिक्के पसरले, आणि एकमेकांना चिकटलेली पाने सोडवताना फाटली.

त्या गठ्ठ्यांत एका थॅलेसेमियाग्रस्त मुलाची फाइल होती. अशा मुलांना साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. वारंवार दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागल्यामुळे त्यांतील काहींच्या शरीरात विशिष्ट रक्तघटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. या मुलाच्या रक्तात काही वर्षांपूर्वी असे एक प्रतिपिंड आढळले होते. सामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, ही प्रतिपिंडे कालांतराने इतकी क्षीण होऊ शकतात की नव्या तपासणीत दिसतही नाहीत. परंतु तोच घटक असलेले रक्त पुन्हा दिले गेले, तर शरीराची जुनी ओळख जागी होते आणि काही दिवसांनी दिलेल्या रक्तपेशी फुटू लागतात. म्हणजे आजचा अहवाल निर्दोष असतानाही जुना कागद हाच एकमेव साक्षीदार असतो. आमच्याकडील कागदाचा लगदा झाला होता. मुलाच्या आईने मात्र रक्तपेढीच्या त्या अहवालाची छायाप्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जत तालुक्यातील आपल्या माहेरी ठेवली होती. याच जिल्ह्यातील तो तालुका अवर्षणाचा. कृष्णेच्या पुराचे पाणी तेथे पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. ती पिशवी आली आणि मुलाला योग्य ते रक्त मिळाले. आमच्या संस्थेला जे सुचले नव्हते, ते त्या बाईंना सुचले होते.

यानंतर जुने केसपेपर स्कॅन करण्याचे काम हाती घेतले. अभिलेख कक्ष आणि सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर नेले. जुलै २०२१ मध्ये नदीने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा दोन्ही कोरडे राहिले आणि आम्ही निश्चिंत झालो. ती निश्चिंती अनाठायी होती, हे कळण्यास आणखी दीड वर्ष लागले.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, म्हणजेच एम्सच्या, संगणकप्रणालीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. फायली सांकेतिक भाषेत कुलूपबंद करून किल्लीसाठी पैसे मागणाऱ्या या प्रकारास रॅन्समवेअर म्हणतात. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती अशी कुलूपबंद झाल्याचे शासनाने नंतर संसदेत सांगितले. नोंदणीपासून तपासणी-अहवालांपर्यंतची कामे सुमारे दोन आठवडे हाताने करावी लागली. हल्ल्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ती माहिती परत मिळाली, हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा धडा. येथे ना पूर होता, ना आग. इमारत जशीच्या तशी उभी होती.

ही बातमी वाचून आमच्या एका विश्वस्तांनी बैठकीत साधा प्रश्न केला : “आपण रोज रात्री जी प्रत घेतो, ती कोणी कधी उघडून पाहिली आहे काय?” उत्तर नकारार्थी होते. एका रविवारी वेगळ्या संगणकावर ती प्रत उतरवून पाहिली. पानांची चित्रे सर्व आली, पण कोणते पान कोणाचे, हे सांगणारी सूची आली नाही. आमच्या दस्तऐवज प्रणालीत चित्रे केवळ क्रमांकांच्या नावाने साठवली जातात. नोंदणी क्रमांक, रुग्णाचे नाव, दाखल झाल्याची तारीख आणि कागदाचा प्रकार हे सारे एका स्वतंत्र डेटाबेसमध्ये असते. रात्री प्रत घेण्याच्या वेळी तो डेटाबेस चालू असल्याने त्याची फाइल वगळली जात होती आणि तशी नोंद यंत्र इमानेइतबारे रोज करीत होते. ती वाचणे हे कोणाचेच काम ठरलेले नव्हते. अशा प्रतीचा उपयोग किती? सूची जळालेल्या ग्रंथालयात ग्रंथांचे पुठ्ठेही फाडून टाकावेत, तशी ती अवस्था. पाने लाखो, आणि हवे ते पान शोधायचे तर प्रत्येक उघडून पाहायचे.

त्या रविवारपासून खऱ्या नियोजनास आरंभ झाला. संगणकशास्त्रात आपत्तीनंतरच्या पुनःस्थापनेचा विचार दोन मापांनी करतात. पहिले माप असे : शेवटच्या सुरक्षित प्रतीनंतरची किती तासांची नोंद गमावणे आपणास सोसवेल? दुसरे : बंद पडलेली प्रणाली पुन्हा चालू होईपर्यंत किती वेळ थांबता येईल? इंग्रजी आद्याक्षरांनी यांना आरपीओ आणि आरटीओ म्हणतात. बैठकीत दुसऱ्या मापाचा उल्लेख होताच वाहन परवान्याच्या कार्यालयाची आठवण काढून सर्वांनी हसून घेतले. पण ही मापे संगणक विभागाने ठरवायची नाहीत, हे तेथेच निश्चित झाले. ती ठरवायची परिचारिकांनी, रक्तपेढीने, शस्त्रक्रियागृहाने आणि अखेर खर्चाचा भार उचलणाऱ्या विश्वस्तांनी. अतिदक्षता विभागाच्या सिस्टर म्हणाल्या की, रुग्णाला सकाळी कोणते औषध दिले गेले हे दुपारी कळले नाही तर संगणकाची वाट पाहता येणार नाही, कागदच हवा. रक्तपेढीने आपल्या नोंदी काही तासांत परत मिळाव्यात असे सांगितले. दहा वर्षांपूर्वी घरी गेलेल्या रुग्णाची फाइल दोन दिवसांनी मिळाली तरी चालेल, यावर सर्वांचे एकमत झाले. सगळ्याच नोंदी क्षणात परत मिळाव्यात असा आग्रह धरला असता, तर खर्च कित्येक पटींनी वाढला असता, आणि तो पैसा अखेर गरीब रुग्णांच्या वाट्याचा आहे.

कायद्याचेही बंधन आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. पूर आला म्हणून ही जबाबदारी संपत नाही. धर्मादाय रुग्णालयांना आणखी एक कारण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात, आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. तहसीलदारांचा दाखला आणि शिधापत्रिकेची प्रत हे या सवलतीचे आधार. ते कागद हरवले तर आमचे हिशेब अडतात हे खरे, पण त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्यांदा दाखल होणाऱ्या गरीब माणसाला पुन्हा तहसीलचे खेटे घालावे लागतात.

प्रती किती असाव्यात, याचा एक सुटसुटीत नियम पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केला : प्रती तीन, साठवणीची साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. छायाचित्रे सांभाळण्यासाठी सांगितलेला हा नियम पुढे संगणकक्षेत्रात सर्वत्र स्वीकारला गेला. जतच्या माहेरी ठेवलेली पिशवी म्हणजे यातील तिसरी अट.

ही अट पाळल्याने काय होते, ते अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्स शहरात दिसले. ऑगस्ट २००५ च्या अखेरीस कतरिना वादळाने शहर बुडाले. तेथील माजी सैनिकांच्या शासकीय रुग्णालयाच्या संगणकीय नोंदींच्या टेप ह्यूस्टनला नेऊन काही दिवसांत त्या नोंदी पुन्हा उपलब्ध करण्यात आल्या, आणि इतर शहरांत विखुरलेल्या रुग्णांवर त्यांच्या आधारे उपचार होऊ शकले. त्याच प्रदेशात केवळ कागदावर असलेल्या असंख्य रुग्णनोंदी मात्र कायमच्या नष्ट झाल्या.

आता क्लाउडविषयी. हा शब्द ऐकताच माहिती कोठेतरी आकाशात तरंगत असल्याचा भास होतो. वस्तुतः ती दुसऱ्याच्या इमारतीतील, दुसऱ्याच्या संगणकावर, भाड्याच्या जागेत असते. त्या इमारतीलाही आग लागते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीचे एक माहितीकेंद्र जळून खाक झाले. मूळ माहिती आणि तिची प्रत दोन्ही एकाच आवारात होत्या, हे काही ग्राहकांना आगीनंतर कळले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील दे-जॉन येथील शासकीय माहितीकेंद्रात बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली आणि सहाशेहून अधिक शासकीय सेवा बंद पडल्या. त्यात शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाचे दस्तऐवज साठवणारी जी-ड्राइव्ह नावाची प्रणाली होती. सुमारे सव्वा लाख कर्मचाऱ्यांचे ८५८ टेराबाइट दस्तऐवज तीत होते, आणि आकार फार मोठा म्हणून त्यांची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. ते नष्ट झाले. संगणकक्षेत्रात अग्रेसर असलेल्या देशाची ही कथा. आमच्यासारख्या संस्थेने क्लाउडचे भाडे भरले म्हणजे काळजी मिटली असे मानू नये, हे सांगण्यास दुसरे उदाहरण नको.

म्हणून आम्ही पुढील रचना ठरवली. चालू प्रणाली मुंबईतील माहितीकेंद्रात राहील आणि तिची प्रत हैदराबादेतील केंद्रात. एकाच नदीचा पूर वा एकच भूकंप दोन्ही ठिकाणी पोहोचू नये एवढे ते अंतर आहे, आणि दोन्ही केंद्रे भारतातच आहेत. हैदराबादची प्रत ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही, अगदी आमच्या संगणक विभागालाही, पुसता किंवा बदलता येणार नाही. हा मुद्दा थोडा उलगडून सांगितला पाहिजे. मूळ जागी केलेला बदल तत्काळ दुसरीकडे उमटवणे याला अनेक जण बॅकअप समजतात. परंतु मूळ फाइल पुसली गेली, तर तिची जुळी फाइलही त्याच क्षणी पुसली जाते, आणि खंडणीखोराने लावलेले कुलूपही तितक्याच तत्परतेने दुसरीकडे लागते. कालची, परवाची आणि गेल्या महिन्याची स्थिती जशीच्या तशी राखून ठेवणे, याला खरी प्रत म्हणावयाचे. शिवाय पुरात इंटरनेटच्या ताराही तुटतात. तेव्हा सध्या दाखल असलेल्या रुग्णांच्या नोंदी रुग्णालयातील एका लहान संगणकावरही राहतील, आणि प्रत्येक पाळीच्या अखेरीस त्यांचा सारांश कागदावर छापून प्रत्येक कक्षात ठेवला जाईल. कागदाला आम्ही रजा दिलेली नाही.

स्थलांतराच्या गणिताने आम्हांला थोडे चकित केले. स्कॅन केलेल्या एका पानास सरासरी १०० किलोबाइट धरले, तर एका टेराबाइटमध्ये एक कोटी पाने मावतात, म्हणजे कागद तसे हलके. जड आहेत ती चित्रे. सीटी स्कॅनचा एक छेद सुमारे अर्धा मेगाबाइट, आणि एका तपासणीत असे शेकडो छेद. एक टेराबाइट माहिती १० मेगाबिटच्या तारेवरून अखंड पाठवली तरी नऊ दिवसांहून अधिक लागतात. १०० मेगाबिटच्या तारेवर तेच काम साधारणतः २२ तासांचे. जाताना जितका वेळ लागतो तितकाच परत येतानाही लागतो, आणि काही कंपन्या बाहेर काढलेल्या माहितीचे वेगळे पैसे आकारतात. करारावर सही करण्यापूर्वी आत जाण्याच्या वाटेपेक्षा बाहेर पडण्याची वाट आम्ही अधिक बारकाईने वाचली.

सर्वाधिक वेळ मात्र ज्या अडचणीने खाल्ला, तिची कल्पना कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नव्हती. आमच्या जुन्या नोंदींतील मराठी नावे श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या त्या काळच्या प्रणालींतील फाँटमध्ये टंकलेली होती. तेव्हा युनिकोडचा वापर आपल्याकडे रुळलेला नव्हता. तो फाँट असलेल्या संगणकावर ‘शिंदे’ दिसे, नव्या प्रणालीत त्याच जागी निरर्थक चिन्हांची रांग. शिवाय एकच आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी, वडिलांचे नाव कधी आहे कधी नाही, आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या स्त्रियांची नोंद एकदा माहेरच्या तर एकदा सासरच्या नावाने. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार यांत ती चुकतात. त्यामुळे अभिलेख विभागातील दोन ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी संशयास्पद नावे मूळ कागदाशी ताडून पाहिली. येथे चूक झाली असती, तर ज्या रविवारी आमची सूची हरवलेली आढळली, तोच प्रसंग आम्ही स्वतःच्या हातांनी कायमचा ओढवून घेतला असता.

सर्व नोंदी एकदम हलवल्या नाहीत. प्रथम नेत्ररोग विभाग निवडला, कारण तेथील फायली छोट्या आणि तातडी त्या मानाने कमी. प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून यंत्र एक अंकमुद्रा काढते. फाइलमधील एक अक्षर जरी बदलले तरी ती मुद्रा बदलते. निघताना आणि पोहोचल्यावर या मुद्रा जुळतात का, हे पाहूनच पुढचा विभाग घेतला. जुनी प्रणाली अद्याप मोडलेली नाही. तिच्यात नवे काही लिहिता येत नाही, केवळ वाचता येते. पावसाळ्याचे चार महिने आणि मार्चअखेर या काळात कोणतेही स्थलांतर करावयाचे नाही, हा नियम आमच्या लेखापालांनी सुचवला आणि तो शहाणपणाचा ठरला.

गोपनीयतेची शंका अनेक हितचिंतकांनी विचारली. नोंदी पाठवण्यापूर्वीच कूटबद्ध केल्या जातात आणि त्यांची किल्ली माहितीकेंद्राच्या कंपनीकडे नसते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यान्वये साठवण दुसऱ्याकडे सोपवली, तरी उत्तरदायित्व रुग्णालयाचेच राहते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. किल्लीचा एक विनोदी प्रसंगही सांगितला पाहिजे. पहिल्या सरावाच्या दिवशी प्रणाली मुद्दाम बंद केली, आणि प्रत उतरवण्यास बसल्यावर लक्षात आले की किल्लीचा संकेतशब्द ज्या एकाच कर्मचाऱ्याला ठाऊक, ते भाच्याच्या लग्नासाठी गावी गेले होते. मांडवातून त्यांना फोनवर बोलावून घेतले. पुराच्या दिवशी फोन लागला नसता. आता तो संकेतशब्द लाखबंद पाकिटात दोन विश्वस्तांकडे आणि बँकेच्या लॉकरमध्ये आहे.

खर्चाविषयी देणगीदारांशी मोकळेपणाने बोलतो. यंत्र एकदा घेतले की पाटी लागते आणि काम संपते. हे भाडे दर महिन्याला द्यावे लागते आणि नोंदी वाढतील तसे तेही वाढणार आहे. त्यामुळे यासाठी एकरकमी देणगीपेक्षा लहान पण दरवर्षी येणारी देणगी आम्हांस अधिक उपयोगी आहे. ज्यांना पाटी हवी आहे, त्यांच्यासाठी डायलिसिस विभागात जागा आहेच.

रुग्णांच्या कुटुंबीयांना दोन विनंत्या. घरी जाताना मिळालेले डिस्चार्ज कार्ड, रक्तगटाचा आणि प्रतिपिंडांचा अहवाल, तसेच एखाद्या औषधाची ॲलर्जी असल्यास त्याची चिठ्ठी, यांची एक छायाप्रत राहत्या घराबाहेर, नात्यातील दुसऱ्या घरी ठेवावी. आणि पूर्वी वेगळ्या नावाने वा आडनावाने आपली नोंद झाली असल्यास ते नोंदणी खिडकीवर आवर्जून सांगावे, म्हणजे दोन फायली एकत्र जोडता येतील.

पुढील सराव पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात घेण्यात येईल. त्या सकाळी बाह्यरुग्ण विभागातील सर्व खिडक्या दोन तास कागदावर चालतील आणि रांगा नेहमीपेक्षा सावकाश पुढे सरकतील. दिवस निश्चित होताच त्याची सूचना प्रवेशद्वारावरील फलकावर लावण्यात येईल. तातडीचे रुग्ण, रक्तपेढी आणि प्रसूती कक्ष यांना या सरावातून वगळले आहे.